नीट करू का इकी टाकू?

रविवार, दुपार

अखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली, पारा 45 च्या आसपास. बारा वाजल्यानंतर गॅरेजच्या पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही, तेव्हा कागदावरचं काम उरकून घ्यावं.

पडलेल्या मोटरसायकलपुढे उभं राहून आपल्याकडे खानदेशात एकच प्रश्न विचारतात: "भो, नीट करू का इकी टाकू?", म्हणजे दुरुस्त करू की विकून टाकू? आणि उत्तर बहुधा चार पावलांवरून बघूनच दिलं जातं. फुटलेला डूम (हेडलाइटचं कव्हर), लोंबणारे इंडिकेटर, टाकीला पडलेला पोचा, आत वळलेला लेगगार्ड. गाडी भयंकर दिसते, पण हे सगळं नटबोल्टवर निघणारं सामान आहे. खरा खर्च रंगाखाली आणि ऑइलखाली दडलेला असतो. म्हणून आधी चेसिस (गाडीची मूळ चौकट), मग क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं कवच), मग कागद. डूमचा भाव शेवटी.

चेसिसमध्ये पहिली नजर हँडलच्या नळीवर, म्हणजे जिथे हँडल फिरवणारा कोनसेट (बेअरिंग) बसतो तिथे. समोरून धडक बसली की त्या नळीच्या मागे, टाकीखाली, रंगाला बारीक सुरकुत्या पडतात. टाकी उतरवल्याशिवाय त्या दिसत नाहीत. टाकी उतरवायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढी न दिल्यामुळे लोकांचे हजारो रुपये जातात. खालच्या नळीच्या वेल्डिंगजवळ रंग तडकला असेल तर चिंधीला पेट्रोल लावून पुसावं. पृष्ठभाग लगेच वाळतो, पण भेगेत मुरलेलं पेट्रोल ओली रेघ दाखवतं. टाकी दूर ठेवूनच, हे सांगायला नको.

मग दोरी. गाडी मेनस्टँडवर, मागच्या चाकाची दोन्ही बाजूंची चेन अ‍ॅडजस्टरची खूण सारखी करून घ्यायची. दोरी मागच्या टायरला जमिनीपासून चार-पाच इंचांवर गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढे ताणायची आणि पुढचं चाक सरळ धरायचं. पुढचा टायर अरुंद असेल तर दोन्हीकडे फट सारखी हवी. एकीकडे चार मिलिमीटर आणि दुसरीकडे शून्य दिसलं तर मागचं चाक धरणारा चिमटा, पुढचे शॉकअप धरणारी टी किंवा चेसिस यांपैकी एक वाकलंय. चिमटा आणि टी बदलता येतात. चेसिस गॅसने तापवून ओढून देणारे कारागीर आहेत, हात कुशल असतो, पण तापवलेल्या नळीचा मूळ ताठपणा परत येत नाही. गाडी साठच्या पुढे हात सोडताच एका बाजूला ओढत राहते. नवी चेसिस टाकायची तर नंबर बदलतो, आरटीओची परवानगी लागते. शंभर-सव्वाशे सीसीच्या जुन्या गाडीत चेसिस वाकली असेल तर माझं मत सरळ आहे: विकावी, आणि घेणाऱ्याला सांगून विकावी.

हँडल वाकडं दिसलं म्हणून मात्र घाबरू नये. कडेला आडवी पडलेल्या गाडीत बऱ्याचदा काहीच वाकलेलं नसतं, शॉकअप फक्त टीमध्ये फिरलेले असतात. खालच्या टीचे बोल्ट, वरचे बोल्ट आणि एक्सलचा नट ढिला करायचा, पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडलला झटका द्यायचा, सरळ झालं की खालून वर कसत यायचं. खर्च शून्य. यालाच "पूर्ण फ्रंट गेला" म्हणून बिल लागतं.

शॉकअपचा रॉड खरोखर वाकला असेल तर बाक जवळजवळ नेहमी खालच्या टीच्या लगेच खाली असतो. रॉड काढून जाड काचेवर लोळवला की फट दिसते. प्रेसवर सरळ करून मिळतो, स्वस्त पडतो, पण बाकाच्या जागी क्रोमला केसासारख्या चिरा पडलेल्या असतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्या चिरांत बसतो आणि ऑइल सील कापत राहतो. पावसाळा संपेपर्यंत शॉकअप गळायला लागतोच. नवा रॉड टाकताना दोन्हीकडचे सील बदलावेत आणि ऑइल मापून दोन्ही नळ्यांत सारखं भरावं. अंदाजाने ओतलं तर दोन्ही बाजू सारखं काम करत नाहीत.

आऱ्यांची रिम दोन मिलिमीटरपर्यंत डोलत असेल तर आरे कसून येते. अलॉयला भेग गेली तर वेल्डिंगचा विचारही नको.

सोमवार, रात्री

आज क्रँककेस. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत फुटरेस्टचा दांडा इंजिनाच्या पोटाला चार बोल्टांवर असतो. गाडी जोरात आपटली की दांडा वाकतो आणि त्याचा मार बोल्टांच्या जागेवर बसतो. दांडा काढून तिथली माती डिझेलने धुवावी आणि बॅटरीच्या उजेडात बघावं. डावीकडे पडली असेल तर गिअर लिव्हरचा शाफ्टही बघायचा. लिव्हर हलवताना शाफ्टचं टोक गोल न फिरता डोलत असेल तर तो वाकलाय. अशा वेळी फक्त सील बदललं तर पंधरा दिवसांत तिथूनच परत गळती.

बाजूचं मॅग्नेट कव्हर किंवा क्लच कव्हर फुटलं तर आर्गन वेल्डिंग चालतं किंवा कव्हर बदलतात. भेग बेअरिंगच्या बैठकीजवळ असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने बैठक अंडाकार होते, मग क्रँक आवाज करतो. क्रँककेस बदलायची तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं, शिवाय इंजिन नंबर त्याच केसवर कोरलेला असतो, म्हणजे पुन्हा आरटीओ. आणि पडल्यानंतर ऑइल सांडलेलं असताना "चालू होते का बघू" म्हणून सेल्फ दाबणारे हौशी लोक इंजिनाची खरी वाट लावतात. ऑइल आधी कॅमशाफ्टला कमी पडतं, मग पिस्टनला. आधी ऑइलची पट्टी, मग किक.

1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर वायरिंगचा मुद्दा वेगळा. कार्बोरेटरच्या गाडीत तुटलेली वायर पिळून टेप मारली तरी चालून जायचं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरच्या वायरला तसा जोड दिला की गाडी कधीतरी रस्त्यातच बंद पडते आणि दोष सापडत नाही.

आता हिशेब. यात गेल्या दिवाळीत टाकलेला चेनसेट आणि नवा टायर धरायचा नाही. तो पैसा गेला. आहे त्या अवस्थेत गाडी 18,000 ला जाते आणि दुरुस्ती 14,000 ची असेल, तर ही गाडी आपण आज 32,000 ला विकत घेतोय असं समजायचं. 32,000 त बाजारात याहून बरी, न पडलेली गाडी मिळते का? मिळत असेल तर गॅरेजला जाऊच नये. आणि सांगितलेल्या आकड्यात चौथा हिस्सा वाढवूनच बेरीज करावी, कारण उघडल्यावर काहीतरी निघतंच.

दुरुस्त करून विकणं हा तिसरा मार्ग क्वचितच परवडतो. दलालाच्या गॅरेजात मजुरी घरची आणि सामान जुनं, आपल्याला दोन्ही रोख. त्याच्याशी त्याच्या मैदानात शर्यत नको.

बुधवार, सकाळ

विमा. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही, पुढचं वाचायची गरज नाही. फुल असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेयर येईपर्यंत गाडीला पाना लावू नये. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरीवर निम्मा घसारा कापतात. धातूच्या भागांवर वयानुसार: तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, पाच ते दहाला 40. मजुरीवर घसारा नाही. समजा 21,000 च्या अंदाजपत्रकात प्लॅस्टिक 6,000, धातू 12,000, मजुरी 3,000, आणि गाडी साडेतीन वर्षांची. कंपनीकडून 3,000 अधिक 9,000 अधिक 3,000, त्यातून सक्तीचे 100 वजा: 14,900. खिशातून 6,100. झिरो डेप घेतलं असेल तर घसारा नाही. दुरुस्ती आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेली तर टोटल लॉस; तेव्हा सांगाडा स्वतःकडे ठेवायचा हट्ट केला तर त्याची किंमत रकमेतून वजा होते, आणि तो विकायची कटकट आपल्या गळ्यात पडते.

विकायचं ठरलं की कागदच सगळ्यात महत्त्वाचे, आणि आपल्याकडे तिथेच ढिलाई. टीटी, म्हणजे मालकाचं नाव बदलायच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून चावी देणं ही खानदेशाची जुनी खोड. हे फॉर्म, 29 आणि 30, तारीख टाकून भरावेत, कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि नोंदणीवरचा कर्जाचा बोजा काढायचा फॉर्म 35. जळगावच्या एमएच-19 ची गाडी राज्याबाहेर जात असेल, तर फॉर्म 28 वर ना हरकत. रावेरहून बऱ्हाणपूर, शिरपूरहून सेंधवा, नवापूरहून सुरत. सीमा जवळ असल्याने गाड्या सहज पलीकडे जातात आणि नाव मात्र इथल्या माणसाचंच राहतं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कळवायचं असतं, राज्याबाहेर 45. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर टाकली, गाडी मधल्या काळात अनेक हातांतून गेलेली असूनही. भंगारात दिली तरी आरटीओला 14 दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची.

पंधरा वर्षं भरत आली असतील तर नोंदणी वाढवायचा फॉर्म 25 चा अर्ज मुदतीच्या आधी 60 दिवसांच्या आत करता येतो, पण गाडी तपासणीला न्यावी लागते. मोडका हेडलाइट घेऊन तिथे उभं राहून उपयोग नाही, तोही खर्च धरावा.

विकायला वेळही बघावी. मे-जूनमध्ये पैसा बियाण्यात आणि खतात गुंततो, जुन्या गाडीला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. कापूस घरात येऊन विकला जायला लागला की, दिवाळीनंतर, तीच गाडी दोन-तीन हजारांनी सुधारते. मात्र तोवर ती उन्हात सडली तर हिशेब उलटा. सावलीत मेनस्टँडवर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, टाकी रिकामी आणि आतून ऑइल फिरवलेली, प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर ऑइल टाकून पाच-सात किका. वायरिंगजवळ उंदीर येतात, म्हणून सीटखालची चिंधी काढून टाकायची.