टोमॅटोची रोपं : टनेल काढलं, चिरे लावले

कोडं सुटलं एकदाचं! मागच्या वेळी लिहिलेलं ना, लो टनेल (कमानींवर प्लास्टिक ओढून केलेला बुटका बोगदा) घालून पण टोमॅटोची पानं खालनं जांभळी पडलीत आणि वाढ ठप्प झालीय. बऱ्याच जणांनी स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलंय, त्याचं खत १२:६१:०० सोडा म्हणून सांगितलं, पण माती गार असली की मुळं स्फुरद उचलतच नाहीत, मग खत वाढवून काय उपयोग.

म्हणून मिन-मॅक्स थर्मामीटर (कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान धरून ठेवणारा) आत एक, बाहेर एक लावला. पहाटेचं बाहेरचं ९.४ अंश आणि आतलं ९.१! आतच जास्त गार! डोकं फिरायची पाळी. साधं पॉलिथिन दिवसा ऊन आत घेतं पण रात्री मातीतनं निघणारी उष्णता अडवत नाही, ती सरळ आभाळात जाते, आणि आत वारं नाही त्यामुळे वरची जरा उबदार हवा पण खाली मिसळत नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हवा शून्याच्या वर असतानाही दव गोठतं ते ह्यामुळंच, गवताचं पान हवेपेक्षा गार होतं. बेळगावात गोठण्याइतकं होत नाही, पण आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की १० च्या खाली जातंच, टोमॅटो थांबायला तेवढं बस्स.

आता प्लास्टिक काढून त्याच कमानीवर १७ जीएसएमचं क्रॉप कव्हर (पातळ, न विणलेलं कापड). घेताना मीटर बाय मीटर तुकडा काट्यावर ठेवून बघा, १७ ग्रॅम भरला पाहिजे, मला एका दुकानात १२ चं १७ म्हणून दिलेलं. वाफ्याच्या उत्तर अंगाला खानापूरकडचे जांभ्याचे चिरे रचलेत, दिवसभर दक्षिणेचं ऊन खातात. पाणी सकाळीच, ओली माती ऊब जास्त धरते, पण संध्याकाळी दिलं तर मर (रोपं कुजून मरायचा रोग) लागते. ऊन असतानाच कव्हर ओढून कडा मातीनं दाबायच्या. काल पहाटे बाहेर ९.६, आत ११.८!! शेंड्याला नवीन पान फुटलंय, खालनं पण हिरवंगार, बारीक लव दिसतेय त्याच्यावर. किती वेळ बघत बसलो.

हे लिहितानाच सुचलं, वजनाला वजन धरलं तर पाणी दगडाच्या चौपट-पाचपट उष्णता धरतं. मग शेजारच्या वाफ्यात तेलाचे ५ लिटरचे कॅन काळे रंगवून, पाणी भरून ठेवतो, चिरे विरुद्ध कॅन होऊन जाऊ दे. ढोबळी मिरचीची रोपं तोवर गच्चीवरच, वर रात्री जरा ऊब असते. सखल रानात वाफे असलेल्यांनी पहाटेचं रीडिंग नक्की कळवा, गार हवा तिकडंच येऊन साचते.