टेस्ट राईडच्या आधी आपली गाडी गॅरेजला

सोसायटीतली पोरं विचारतात, "काका, एवढ्या स्पोर्ट्स बाईक चालवून बघता, मग घेणार कधी?" ऑफिसातले जरा वेगळं विचारतात. "तुझ्या पल्सरपुढे त्या कशा वाटतात रे? आणि दहा मिनिटांत कळतं तरी काय?" पोरांना मी आजवर हसून टोलवत आलो. ऑफिसातल्यांचा प्रश्न मात्र टोलवण्यासारखा नाही, आणि त्याचं उत्तर दिलं की पोरांचंही परस्पर मिळून जातं. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

माझी गाडी २०१४ची पल्सर २२०. कार्ब्युरेटरवाली, पाच गिअरची, किक नाही, एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. ताकद २१ पीएस, म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर. बजाजने ती 'फास्टेस्ट इंडियन' म्हणून विकली होती आणि त्या काळात तो दावा अगदीच हवेतला नव्हता. आज सिग्नलला शेजारी उभा राहिलेला कॉलेजातला पोरगासुद्धा तिच्याकडे वळून बघत नाही. ऑफिसला मी मुलुंडहून लोकलनेच जातो. गाडी निघते ती किरकोळ कामांना आणि रविवारी पहाटे.

आता माझं पहिलं उत्तर, जे कुणालाच आवडत नाही. टेस्ट राईड घ्यायची ठरली की आधी आपली गाडी गॅरेजला टाका. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, फोर्कचं म्हणजे पुढच्या शॉकअपचं ऑइल, कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सगळं बघून घ्या. टायर संपले असतील तर टायरही बदला. लोक म्हणतात, विकायलाच निघालोय तर खर्च कशाला? कारण असं, की आपली गाडी एका दिवसात म्हातारी होत नाही. रोज इतकी थोडी थोडी झिजते की आपल्याला कळतच नाही. मुंबईत सरळच चालवायचं असल्यामुळे मागचा टायर मधोमध झिजून सपाट होतो. असा टायर वळणात आधी झुकायला नाही म्हणतो आणि मग एकदम झुकतो. आपल्याला वाटतं, गाडीचा स्वभावच असा. त्या अवस्थेत शोरूमची गाडी हातात घेतली की पहिल्याच वळणावर "काय हँडलिंग आहे!" असं तोंडून निघणारच. त्यातलं निम्मं कौतुक नुसत्या गोल टायरचं असतं. आमचा गॅरेजवाला म्हणतो, अर्ध्या लोकांना नवी गाडी नको असते, नवा कोनसेट हवा असतो. त्याचा धंदा आहे हे धरूनही मला त्याचं म्हणणं पटतं.

गाडी ठीकठाक झाली की तिच्यावरूनच शोरूमला जा, आणि टेस्ट राईडचा जो काही रस्ता असेल त्यावर आधी आपल्या गाडीचा एक फेरा मारा. तेच खड्डे, तोच स्पीडब्रेकर, तोच यू-टर्न. मग नवी गाडी घ्या. आठवणीतल्या गाडीशी केलेली तुलना कामाची नसते. आठवणीत आपण एक तर गाडीला डोक्यावर घेतो, नाही तर तिच्यावर अन्याय करतो.

बाकी शोरूमचे सोपस्कार ठरलेले. ओरिजिनल लायसन्स काउंटरवर ठेवायचं, काही मोडलं तर जबाबदारी माझी अशा फॉर्मवर सही करायची, आणि स्कूटरवरून मागे येणाऱ्या पोराच्या नजरेत राहायचं. टाकीत पेट्रोल नावापुरतं. चौथा गिअर क्वचितच पडतो. यावर लोक चिडतात, मला मात्र एवढा छोटा फेरा रास्त वाटतो. शून्य ते चाळीसच्या टापूतच तर आपला मुंबईतला जन्म जायचा आहे. तिथे गाडी कशी वागते ते या छोट्या फेऱ्यात अगदी नीट कळतं. एक काळजी घ्या, टायरमधली हवा तपासायला सांगा. उपनगरातल्या एका शोरूमची डेमो गाडी मला बैलगाडीसारखी जड वाटली होती. शेजारच्या पंपावर पुढच्या टायरात हवा भरली आणि तीच गाडी बोटावर वळायला लागली. तसाच परत गेलो असतो तर त्या मॉडेलला आयुष्यभर नावं ठेवत बसलो असतो.

खरा विषय बसण्याचा. स्पोर्ट्स बाईकचं हँडल खाली आणि फूटपेग मागे का असतात, हे शोरूममध्ये उभ्या गाडीवर बसून समजत नाही. ती बैठक वाऱ्यासाठी केलेली असते. नव्वद-शंभरच्या वेगात वारा छातीवर येतो, धड उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार उतरतो. मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नलला वारा कुठून आणायचा? तिथे सगळं वजन तळव्यांवर. उपाय एकच, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची आणि पाठ-पोटाच्या जोरावर अंग तोलायचं. म्हणून टेस्ट राईडमध्ये मी वेग बघत नाही. हळू चालताना हँडलवरची बोटं सैल सोडता येतात का, एवढं बघतो. येत नसतील तर ती गाडी घाटात कितीही गोड असो, आनंदनगर टोलनाक्याच्या रांगेत तुम्हाला रडवणार.

माझ्या पल्सरलाही क्लिप-ऑनच (फोर्कला दोन बाजूंनी वेगवेगळे बसवलेले हँडल) आहेत, पण उंच बसवलेले. सीट ७९५ मिलिमीटरवर. यामाहाच्या आर१५ चं सीट ८१५ वर आणि केटीएमच्या आरसी ३९० चं ८२४ वर. कागदावर फरक जेमतेम बोटभर, पण पेव्हर ब्लॉक खचलेल्या जागी पाय टेकायची वेळ आली की त्या बोटभराची किंमत कळते. त्यात हँडल पूर्ण वळवलं की अंगठा टाकीला टेकू लागतो. पुलाखालच्या खांबाला वळसा घालून यू-टर्न घ्यायचा तर पल्सर एका दमात वळते, आणि या गाड्यांना मधेच पाय टाकून थोडं मागे घ्यावं लागतं. सोसायटीच्या पार्किंगमधून रोज गाडी काढायची असेल तर हे आधी बघा, टॉप स्पीड नंतर.

इंजिनांचं मात्र लिहावं तेवढं थोडं. आर१५ घ्या. १५५ सीसी, १८.४ पीएस, म्हणजे कागदावर माझ्या गाडीपेक्षा ताकद कमी. तिच्यात वाल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा आहे, साधारण ७,४०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) वाल्व्ह उघडणारा दुसरा कॅम लागतो आणि गाडीचा आवाजच बदलतो. त्याच्या खाली, म्हणजे सिग्नल ते सिग्नल, माझी जुनी पल्सर सरळ सरळ जास्त ओढते. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १९ न्यूटन मीटरसमोर १४, यात जादू काही नाही. पण आर१५ चं वजन १४२ किलो, चासी म्हणजे सांगाडा यामाहाचा ताठ डेल्टाबॉक्स. खड्डा चुकवायला नुसता खांदा झुकवला की गाडी बाजूला झालेली असते. हे माझ्या गाडीला नवे टायर, नवा कोनसेट, सगळं घालूनही जमत नाही. शिकायला स्पोर्ट्स बाईक हवी असेल त्या पोरांना मी आजही हीच सांगतो.

आरसी ३९० ची गोष्ट उलटी. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, ४३.५ पीएस, माझ्या दुप्पट. इतक्या मोठ्या सिंगलला हळू चालणं मानवत नाही. आरपीएम खाली गेला की चेन खडखडते, अंग थरथरतं आणि तुम्ही खालचा गिअर टाकता. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मांडीला ऊब लागते ती वेगळीच; पाण्यावर थंड होणाऱ्या बहुतेक फेअरिंगवाल्या (इंजिनाभोवती आवरण असलेल्या) गाड्यांत मे महिन्यात हे व्हायचंच. पण पाच हजार आरपीएमच्या वर ही गाडी वेगळीच होते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे विक्रोळीच्या पुढे थोडा मोकळा मिळाला आणि घाटकोपर इतकं जवळ आहे हे मला तेव्हा कळलं.

कावासाकीची निंजा ३०० जुनी झाली असं सगळे म्हणतात. भारतात ती २०१३ पासून आहे. तरी दोन सिलिंडरचा गुळगुळीतपणा काय असतो ते बघायला ती एकदा चालवावी. ३९ पीएस, पण ते ११,००० आरपीएमला; तिथपर्यंत जायला रस्ता हवा.

आणि एप्रिलिया आरएस ४५७. बारामती म्हटलं की लोकांना वेगळंच काहीतरी आठवतं, पण ही गाडी तिथेच बनते. आरसी ३९० चाकणची. नावं एक इटालियन, एक ऑस्ट्रियन, जन्मदाखले दोन्ही पुणे जिल्ह्याचे. आरएस ४५७ ला दोन सिलिंडर, ४७.६ पीएस, आणि क्रँक २७० अंशांचा. म्हणजे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं, एकदा २७० अंश आणि एकदा ४५०. त्या लंगड्या तालामुळे आवाज व्ही-ट्विनसारखा (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा) येतो, आणि मुख्य म्हणजे मधल्या आरपीएमवर ती दमदार ओढते. हँडल बेताच्या उंचीवर. या सगळ्यांत माझी झोप उडवली ती हिने. राईडवरून परतल्यावर पल्सर सुरू केली तेव्हा ती जुनी वाटली नाही, लहान वाटली. हा फरक गॅरेजवाला भरून काढू शकत नाही.

मग घेतली का नाही? पैसे हे एक कारण आहेच. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांना ४०. आरसी ३९० आणि आरएस ४५७ दोन्ही वरच्या टप्प्यात. पण पैशांपेक्षा मला रस्ता खुपतो. दुचाकीला सी लिंक बंद. कोस्टल रोड बंद. अटल सेतू बंद. जे. जे. पूल बंद. पुण्याचा एक्स्प्रेस वे तर पहिल्यापासून बंद. या शहराने जे जे गुळगुळीत रस्ते बांधले त्यावर सत्तेचाळीस पीएसच्या गाडीला प्रवेश नाही आणि खटारा टॅक्सीला आहे. सुरक्षेची कारणं मला समजतात, खाडीवरचा आडवा वारा ही खोटी गोष्ट नाही. तरीपण उरतं काय, तर पनवेलनंतरचा जुना हायवे आणि बोरघाट, घाटातल्या शिंग्रोबा देवाला नाणं टाकून वर चढायचं आणि लोणावळ्यात चहा पिऊन उतरायचं. त्या घाटात शनिवार-रविवारी इतकी गर्दी असते की माझे एकवीस पीएससुद्धा शिल्लक राहतात.

दुसरं कारण घरातलं. शोरूममध्ये मी बायकोला मागच्या सीटवर बसवून बघतो. आरसीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "अहो, धरायचं कशाला? तुम्हालाच ना?" मागचं सीट उंच, चिमूटभर, ग्रॅबरेल नाही. तिने बसून अर्ध्या मिनिटात दिलेला निकाल मी घेतलेल्या सगळ्या राईडपेक्षा पक्का असतो. पल्सरवर आम्ही दोघं नाशिकपर्यंत गेलोय, कसारा घाटातून, आणि उतरल्यावर ती माझ्याशी बोलतही होती.

एका बाबतीत मात्र माझी गाडी सपशेल हरते, आणि ती बाब ताकदीची नाही. माझा पुढचा डिस्क २६० मिलिमीटरचा, आरसी आणि आरएसचा ३२०, आणि त्या दोघींना एबीएस. जून-जुलैत झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, पुलाच्या लोखंडी सांध्यावर, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यावर पुढचा ब्रेक दाबताना मला दर वेळी बोटं मोजून दाबावी लागतात. त्या गाड्यांवर दाबायचं आणि थांबायचं. जास्तीचे पंचवीस पीएस मी वर्षातून काही रविवारी वापरीन. एबीएस रोज वापरीन.

त्यामुळे आता यादीत सगळ्यात वर आहे हिरोची करिझ्मा एक्सएमआर. २१० सीसी, २५.५ पीएस, ड्युअल चॅनल म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस, हँडल उंच, मागे बसायला माणसासारखी जागा. सोसायटीतली पोरं नाक मुरडतील, मुरडू देत. २००३ची पहिली करिझ्मा आली तेव्हा ही पोरं जन्मलीसुद्धा नव्हती. राईड मला पावसातच घ्यायची आहे, आणि पावसात डेमो गाडी बाहेर काढायला शोरूमवाले सहसा राजी नसतात. सध्या ठाण्यापासून दादरपर्यंत फोन करून विचारतोय. पल्सरचे पुढचे ब्रेक पॅड कालच बदलले.