शिंदे सत्तेचाळीस कुठे आहेत?

एकाहत्तरच्या लढाईतले पलटणीचे सोबती आडनावावरून शोधायला गेलात तर पहिले काही महिने फुकट जातात. माझेही गेले. मराठा पलटणीच्या एका कंपनीत शे-सव्वाशे माणसं, त्यात पाटील, जाधव, शिंदे, पवार यांचीच गर्दी. म्हणून तर लष्करी नंबराचे शेवटचे दोन आकडे नावाला चिकटायचे: शिंदे सत्तेचाळीस, शिंदे ब्याऐंशी. पन्नास वर्षांनी पहिलं नाव आठवत नाही, वडिलांचं नाव तर तेव्हाही माहीत नव्हतं. पण ‘सत्तेचाळीस’ पक्कं आठवतं. तोच धागा धरायचा. १९७१ ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे, त्यामुळे सवडीने करू म्हणण्यासारखं हे काम नाही.

सुरुवात घरच्या ट्रंकेतून करावी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मेडलं. संग्राम मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. गेलेल्या सोबत्याच्या घरी एकही कागद उरलेला नसतो, पण मेडल असतं. भिंग घ्या, टॉर्च तिरपी धरा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. दर दिवाळीला पॉलिश लावून घासलेलं असेल तर कड गुळगुळीत झालेली असते, मग इलाज नाही.

नंबरातही एक खोच आहे. लढाईत लान्स नाईक असलेला माणूस पुढे नायब सुभेदार झाला की त्याला ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. जुना नंबर तुमच्या डोक्यात, नवा त्याच्या पीपीओवर. चौकशीच्या पत्रात ‘पुढे जेसीओ (नायब सुभेदार किंवा त्यावरचे) झाले असण्याची शक्यता’ एवढी ओळ टाकली की क्लार्कचं काम सोपं होतं.

पत्र कुठे टाकायचं? दिल्लीला नाही. जवान आणि जेसीओंचे कागद त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महारचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे इंजिनिअर पलटणींचे, खडकीला. आम्हा इंदूरकरांना त्यातल्या त्यात सागर जवळ. २ पॅरावाल्यांच्या (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण) बाबतीत मात्र लोक हमखास चुकतात. ही मूळची ३ मराठा, १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची झाली आणि ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला उतरली ती पॅरा म्हणूनच. तिच्यातली पोरं सातारा-कोल्हापूरची म्हणून बेळगावला पत्र लिहाल तर ते वाऱ्यावर. पॅराचं सेंटर बेंगळुरूला.

रेकॉर्ड ऑफिसकडे दुसऱ्याचा पत्ता मागू नका. देणार नाहीत, आणि देऊही नये. माहिती अधिकाराचे १० रुपये भरून पाहिलेत तरी खासगी माहिती म्हणून नकारच येतो. त्याऐवजी पत्र पुढे पाठवायची विनंती करा. एका पाकिटात तुमचा अर्ज: स्वतःचा नंबर, हुद्दा, पलटण, कंपनी, सेवेची वर्षं, डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. आत दुसरं पाकीट, तिकीट लावलेलं, पत्त्याची जागा कोरी, आणि न चिकटवलेलं, म्हणजे आत काय आहे ते त्यांना बघता येतं. एका पाकिटात एकच माणूस. दहा नावांची यादी पाठवली की ती सर्वात अवघड नावापाशी अडकते आणि बाकीचे नऊही तिथेच थांबतात.

भरतीच्या वेळचं गाव आठवत असेल तर दुसरी वाट खुली होते, पण पत्ता आजचा करून घ्यावा लागतो. त्या काळच्या पत्त्यावर पिनकोड नसतो, कारण पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हणजे आज सिंधुदुर्ग असू शकतं, कुलाब्याचं रायगड झालं, उस्मानाबादेतून लातूर निघालं. उजनी आणि जायकवाडीच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. तिथे जुन्या नावाला पुनर्वसित गाव जोडून विचारावं. मग त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला फोन. तिथे माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नींची नोंद असते. तुमचा फोन नंबर त्यांना देऊन ठेवा, सोबत्याचा मागू नका. ग्रामपंचायतीत विचारताना हुद्द्यावर विसंबू नका. आमच्याकडल्या गावांत हवालदारालाही ‘मेजर’च म्हणतात.

आणि एक वेळ साधा: नोव्हेंबर, पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत कॅन्टीनच्या आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) रांगेत कुठल्या-कुठल्या पलटणीची माणसं भेटतात. एकाला विचारलं की तो दोघांची नावं सांगतो.

फोन बहुतेक वेळा मुलगा उचलतो आणि त्याला पहिला संशय फसवणुकीचा येतो. बरोबरच आहे. म्हणून पहिल्याच वाक्यात पलटण, कंपनी, साल: ‘चार्ली कंपनी, एकाहत्तर, वडिलांना सत्तेचाळीस म्हणायचे का विचारा.’ पेन्शन, बँक, आधार हे शब्द तोंडातून काढू नका. तोफांजवळ राहिलेल्यांना ऐकू कमी येतं. फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, वाक्यं छोटी ठेवा. पहिल्या दिवशी लढाईचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐका.

जुना ग्रुप फोटो असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करून व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो आणि मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांचे ठिपके होतात. रांग आणि क्रमांक लिहून विचारावं: ‘उभे, दुसरी रांग, डावीकडून चौथा कोण?’ नुसतं ‘ओळखा’ म्हटलं की सगळे स्वतःलाच शोधतात.

शोधायच्या सोबत्यांची यादी कराल त्यात शेवटचा रकाना पत्नीचा ठेवा: नाव, फोन, फॅमिली पेन्शन सुरू आहे का. माणूस गेल्याचं कळलं की नावावर काट मारायची सवय असते. त्या ओळीवर मारू नका, फोन तिथेच करायचा असतो.