कीर्द-खतावणी हातात पडेपर्यंत

मी आणि माझा आतेभाऊ, दोघांचा बेदाण्याचा व्यापार. तासगावच्या सौद्यात माल घ्यायचा, शीतगृहात टाकायचा, भाव आला की काढायचा. खरेदी माझ्याकडे, वह्या, चेकबुक त्याच्याकडे. बिनसलं तेव्हा माझ्या हातात भागीदारीपत्र आणि सौद्याच्या काही पट्ट्या (मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), एवढंच होतं. भागीदारी संपवून हिशेब मिळावा म्हणून सांगलीत दिवाणी दावा लावला.

त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली. त्यात लिहिलेलं, 'फर्मच्या कीर्द-खतावणीप्रमाणे वादीकडूनच येणे निघते.' कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, खतावणी म्हणजे खातेवार हिशेबाची; आणि वादी म्हणजे मी. वहीचं पान मात्र एकही जोडलेलं नाही. मी भडकलो, वकीलबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "वहीचं नाव त्यांनीच घेतलंय, आता दाखवावी लागेल."

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधली ऑर्डर ११, म्हणजे समोरच्याकडून कागद मिळवायचे नियम (रूल) ज्यात आहेत ते प्रकरण, त्यांनी समजावून सांगितली. समोरच्याने कैफियतीत किंवा शपथपत्रात ज्या कागदाचा उल्लेख केला, तो पाहायला आणि नकला घ्यायला रूल १५ खाली नोटीस देता येते; ती मुद्दे (कोर्टाने निकाल द्यायचे वादाचे प्रश्न) निघण्याआधी किंवा निघतानाच द्यायची. नोटीस देऊनही कागद दाखवला नाही, तर सबळ कारण कोर्टाला पटवल्याशिवाय त्याला तो पुढे पुराव्यात आणता येत नाही.

खरं काम यादीचं. 'सर्व हिशेब द्यावेत' असं मोघम मागितलं की 'असे काही नाही' म्हणून मोकळे होतात, असं बाईंचं म्हणणं. म्हणून हंगामागणिक लिहिलं: कोणत्या वर्षाची कीर्द, कोणती खतावणी, कोणत्या खात्याचा बँक उतारा, कोणत्या तारखेच्या विक्रीचं बिल. माझ्याकडच्या पट्ट्यांवरच्या तारखा इथे सोन्याच्या ठरल्या. चुरगाळलेले कागद टाकून न द्यायची आईची सवय माझ्यात उतरली, हे बरंच झालं.

नोटिशीनंतर १० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही. मग तपासणीच्या हुकमासाठी रूल १८ चा अर्ज, आणि कैफियतीत उल्लेख नसलेल्या बिलं-उताऱ्यांसाठी रूल १४ चा. त्यावर म्हणणं द्यायला त्यांनी मुदती घेतल्या, आणि शेवटी दिलं काय, तर 'व्यापारी गुपितं आहेत'! भागीदारालाच भागीदारीची गुपितं? आमचं उत्तर एका ओळीचं होतं: भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १२ प्रमाणे फर्मच्या वह्या पाहायचा, त्यांची नक्कल घ्यायचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. अर्ज मंजूर झाला.

रोजच्या वापरातल्या हिशेबाच्या वह्या जिथे असतात तिथेच दाखवायची मुभा कायद्यात आहे, त्यामुळे तपासणी त्याच्याच दुकानात झाली. आतेभाऊ समोर बसून, एक शब्द नाही. चहा मात्र आला, आम्ही प्यायलोही. माझ्या नावच्या उचली निघाल्या, त्या खऱ्याच होत्या. पण एका हंगामाच्या विक्रीत बरीच खाडाखोड दिसली. नुसत्या नकलेत ती लपली असती. फोटो घेतले, पानांचे क्रमांक टिपले. कोर्टाने वहीऐवजी नक्कल चालेल म्हटलंच, तर मूळ वहीत खाडाखोड आहे का, ते शपथपत्रात लिहून मागता येतं. ती तरतूद रूल १९ मध्ये आहे.

शीतगृहाच्या पावत्या यातून मिळत नाहीत, कारण शीतगृहवाला दाव्यात पक्षकार नाही. त्याच्यासाठी ऑर्डर १६ खाली साक्षीसमन्स काढायला अर्ज दिलाय. खाडाखोड झालेल्या हंगामात किती माल आत गेला आणि किती बाहेर पडला, ते त्या पावत्यांवरून ताडता येईल.