रिकाम्या ओळी

माझ्याकडे मनाविषयीची, म्हणजे सायकॉलॉजी, थेरपी, सेल्फ हेल्प वगैरे जातीची, सतरा पुस्तकं आहेत (मध्ये एकदा धूळ झटकताना मोजली) आणि या सतरा पुस्तकांत मिळून मी भरलेल्या रिकाम्या ओळी किती, तर शून्य. रिकाम्या ओळी म्हणजे त्या हो, प्रकरण संपलं की येतात त्या. 'आता पुस्तक बाजूला ठेवा, पेन घ्या, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारे पाच विचार खाली लिहा.' खाली एक ते पाच आकडे आणि प्रत्येकापुढे टिंबं टिंबं. यातलं पुस्तक बाजूला ठेवा एवढं मी अगदी मनापासून पाळते, कधीकधी चार चार महिने.

आळस म्हणाल तर आहेच, पण नुसता आळस नाही. मला खरंच असं वाटत असतं की आत्ता फक्त वाचून घेऊ, नीट समजलं की मग पहिल्यापासून पेन घेऊन बसू, कोऱ्या वहीत व्यवस्थित, एक चांगली वही घ्यायलाच हवी त्यासाठी. वही येते. वहीत किराणा आणि भिशीचे हिशोब जातात. आणि गंमत म्हणजे तोवर मला बरं वाटायला लागलेलं असतं! काहीही केलेलं नसताना. पुस्तक हातात आलं त्या दिवशीच अर्धं बरं वाटतं, कारण आपण काहीतरी करतोय असं स्वतःला सांगता येतं, आणि उरलेलं अर्धं पहिल्या प्रकरणात, कारण पहिल्या प्रकरणात लेखक तुमच्याबद्दल सगळं ओळखून बसलेला असतो. तुम्हाला लोकांनी आपलं कौतुक करावंसं वाटतं पण तुम्ही स्वतःवर फार टीका करता, बाहेरून शांत दिसता पण आतून धाकधूक असते. अगं बाई, हे तर मीच!

ह्या 'हे तर मीच' ची एक जुनी फजिती आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि आठवड्याभरानं प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं वर्णन ठेवलं, म्हणाला ५ पैकी मार्क द्या, कितपत जुळतंय. सरासरी आली ४.२६. मग त्यानं सांगितलं की बाळांनो, सगळ्यांना एकच कागद दिलाय, आणि त्यातली वाक्यं बहुतेक पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या एका भविष्याच्या पुस्तकातून उचललीत. मी हे वाचलं, खूप हसले, पेन्सिलीनं खूण केली, आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात परत 'हे तर मीच' झालं. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पेन्सिलीवरून आठवलं, ओळी भरत नसले तरी मी रेघा भरपूर मारते. पण मध्ये एकदा जुनी पुस्तकं उघडून त्या रेघा बघितल्या तर लक्षात आलं की माझ्याबद्दलच्या वाक्यांखाली फारशा रेघा नाहीतच, सगळ्या दुसऱ्यांसाठी आहेत. समासात नावांची आद्याक्षरं. नणंदेचं आहे, दोन माजी बॉसांची आहेत, आईचं आहे. नवऱ्याचं अक्षर तर अटॅचमेंटच्या, म्हणजे जवळच्या माणसांशी आपण कसे बांधले जातो त्याच्या, पुस्तकात इतक्या ठिकाणी आहे की ते पुस्तक त्याच्यावरच लिहिलंय असं वाटावं. त्यात अव्हॉइडंट नावाचा प्रकार असतो, जवळीक वाढली की माणूस मिटतो, विषय बदलतो, खोलीतून उठून जातो. मी त्याला मोठ्या मायेनं म्हटलं की तू अव्हॉइडंट आहेस, तुझा दोष नाही, लहानपणातून आलंय हे. तो म्हणाला बरं, आणि खोलीतून उठून गेला. आता ह्याला पुरावा म्हणायचं नाही तर काय?

नंतर कळलं की या प्रकारांचं मूळ संशोधन मेरी एन्सवर्थ बाईंचं, आणि ते होतं साधारण वर्षभराच्या बाळांवर. आई खोलीतून गेली की बाळ काय करतं, परत आली की काय करतं, हे बघायचं. ते मोठ्यांच्या प्रेमाला लावलं हेझन आणि शेव्हर या दोघांनी, १९८७ च्या त्यांच्या पेपरात, आणि त्यासाठी त्यांनी चक्क एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली होती, तीन परिच्छेद, तुम्हाला लागू पडेल त्यावर खूण करा. अर्थात पुढे त्यावर खूप गंभीर काम झालं, मी काही ते उडवून लावत नाहीये. पण त्या प्रश्नावलीत माणसानं स्वतःपुढे खूण करायची होती हो, नवऱ्यापुढे नाही.

मुलगी माझ्याही पुढची आहे. ती ही पुस्तकं वाचत नाही, तिला ती रीलमधून आयती मिळतात. खोली आवर म्हटलं की मी तिची बाउंडरी क्रॉस करते, दुसऱ्यांदा म्हटलं की मी टॉक्सिक असते, आणि 'अगं मी परवा सांगितलं होतं' म्हटलं की गॅसलायटिंग. हा शब्द १९३८ च्या एका नाटकावरून आलाय, त्यात नवरा घरातले गॅसचे दिवे मंद होतात ते बायकोला तुझे भास आहेत म्हणून पटवत असतो, तिला वेडी ठरवायला. एवढ्या भयंकर गोष्टीचा शब्द माझ्या घरात मोज्यांच्या जोडीवरून वापरला जातो. तिला रागवायला तोंड उघडलं आणि समासातली आद्याक्षरं आठवली, मग गप्प बसले.

असो. ओळींकडे येऊ.

ओळी भरायच्या नसतात तेव्हा मी वाचते त्या गोष्टी, केस हिस्टरीज. एक बाई (नाव अर्थातच बदललेलं) लेखकाच्या ऑफिसात येते, तिला काही सुचत नसतं, लेखक तिला एक प्रश्न विचारतो, ती रडते, आणि पान उलटलं की तिला नवी नोकरी लागलेली असते. मला त्या फार आवडतात, अगदी रहस्यकथेसारख्या. ही सवयही लोकांना आधीपासूनची आहे. सॅम्युएल स्माइल्सचं 'सेल्फ हेल्प' नावाचंच पुस्तक १८५९ साली आलं, डार्विनचा उत्क्रांतीवाला ग्रंथ आला त्याच वर्षी, आणि ते जवळजवळ सगळं दुसऱ्यांच्या कष्टांच्या गोष्टींनी भरलंय. त्यात पालिसी नावाचा फ्रेंच कुंभार आहे, भट्टीला लाकडं कमी पडली तर घरातलं फर्निचर फोडून आत टाकतो. हे मी सोफ्यावर आडवं पडून वाचलं आणि मला फारच प्रेरणा मिळाली.

एकवीस दिवस केलं की सवय लागते असं ही पुस्तकं सांगतात, म्हणून मध्ये एकदा मी एकवीस दिवसांचा नेम धरला होता, रोज सकाळी दहा मिनिटं शांत बसायचं. नवव्या दिवशी पाहुणे, दहाव्या दिवशी गुन्हेगार वाटायला लागलं, अकराव्या दिवशी कशाला, आता साखळी तुटलीच आहे. तर हा एकवीसचा आकडा आला कुठून हे शोधलं तेव्हा जरा राग आला. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा प्लास्टिक सर्जन होता. नवं नाक केलेल्या माणसाला आरशातला चेहरा आपला वाटायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात, असं त्याला दिसलं आणि १९६० मध्ये त्यानं ते पुस्तकात लिहिलं. नंतरच्यांनी त्यातलं 'कमीत कमी' काढलं, 'साधारण' काढलं, आणि नाकही काढलं! उरले एकवीस दिवस, ते सगळ्यांच्या डोक्यावर मारले. पुढे २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि मंडळींनी ९६ लोकांना एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगितली, जेवताना पाणी प्यायचं, संध्याकाळी पळायचं असली, आणि ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस असं निघालं, पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. २५४ म्हणजे साडेआठ महिने, तेवढ्यात मूल होतं जवळजवळ. आणि त्यातली माझी आवडती गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही असंही त्यांना दिसलं. हे मला कुणी दहाव्या दिवशी सांगितलं असतं तर?

आरशासमोर उभं राहून स्वतःला चांगलं बोलायचं, हाही उद्योग केलाय. त्याचा मूळपुरुष एमिल कुए, फ्रान्समधला औषधवाला, शंभर वर्षांपूर्वी लोकांना सांगायचा की रोज सकाळ संध्याकाळ वीस वीस वेळा म्हणा, दिवसेंदिवस सगळ्या बाबतीत मी अधिकाधिक बरा होतोय. मोजायला वीस गाठींचा दोरा, म्हणजे जपमाळच. मी बाथरूमचं दार लावून 'मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे' असं म्हटलं तर आतून आमच्या आत्याच्या आवाजात उत्तर आलं, 'कोण म्हणालं?' हे फक्त माझंच नाही बरं का, २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी जवळपास हेच वाक्य लोकांना घोकायला लावलं तर ज्यांचं स्वतःबद्दल मुळात बरं मत होतं त्यांना थोडं बरं वाटलं, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांना आधीपेक्षा वाईट. आत्या जगभर आहेत.

या सगळ्यात मला मनापासून पटलेला माणूस अल्बर्ट एलिस, आरईबीटी नावाची, आपले विचार तपासून बदलायला लावणारी थेरपी काढणारा. हा एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. तर त्यानं काय केलं, न्यूयॉर्कमधल्या एका बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असं स्वतःला बजावलं. तो स्वतःच सांगायचा हा किस्सा. १३० जणींशेजारी बसला, ३० जणी लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, त्यातली एक भेटायला येते म्हणाली, आणि तीही आली नाही. म्हणजे रिझल्ट भोपळा. पण भीती गेली, कारण कुणी पोलीस बोलावले नाहीत, कुणाला उलटी झाली नाही. पुढे त्याची सगळी थेरपी म्हणजे गृहपाठच गृहपाठ. मला हा किस्सा तोंडपाठ आहे आणि मी अजूनही फोन करून अपॉइंटमेंट घ्यायची वेळ आली की नवऱ्याला सांगते.

पुस्तकं कुचकामी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. डेव्हिड बर्न्सचं १९८० चं 'फीलिंग गुड' डिप्रेशनमधल्या लोकांना नुसतं वाचायला देऊन बघितलंय संशोधकांनी, महिन्याभरात फरकही पडला, ज्यांना ते अजून दिलं नव्हतं अशा, वाट बघत थांबलेल्या गटापेक्षा पुष्कळ जास्त. पण त्या प्रयोगात दर आठवड्याला छोटासा फोन यायचा, वाचताय ना, कुठवर आलं. मला तो फोन फार महत्त्वाचा वाटतो. मला कुणाचा येत नाही.

एकदा आला होता म्हणा, म्हणजे तसंच काहीसं. मधली काही वर्षं माझी खरंच वाईट गेली, झोप उडालेली, सकाळी उठावंसं वाटायचं नाही, तेव्हा सतरांतल्या एकाही पुस्तकाकडे बघवत नव्हतं आणि मी काउन्सेलरकडे जायला लागले. तिनं दुसऱ्याच भेटीत एक कागद दिला. घडलेली घटना, मनात आलेला विचार, त्यावेळची भावना, आणि पुढे टिंबं टिंबं! म्हटलं घ्या, इथेही आल्या. तर तो कागद मी भरला. आठवडाभर पर्समध्ये घडी घालून फिरवला आणि पुढच्या भेटीच्या आधी वेटिंग रूममध्ये बसून दहा मिनिटांत भराभरा भरला, शाळेत बाई यायच्या आत प्रार्थनेच्या वेळी गणितं करायचो तसा. कारण ती विचारणार होती. आणि तसा घाईत भरलेला असूनही त्यातल्या एका ओळीवर आम्ही पुढचे दोन महिने बोलत होतो. काय ओळ ते नाही सांगत.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीनं घर आवरलं आणि तिच्याकडची पुस्तकं मला आणून दिली, तुला आवडतात ना ही म्हणून. त्यात एक चिंता कमी करण्याचं आहे, म्हणजे आता अठरा झाली. चाळताना दिसलं की ह्यातल्या ओळी भरलेल्या आहेत. पेन्सिलीनं, बारीक, गोलसर अक्षर. मैत्रिणीचं नाही. तिलाही ते कुणाकडून तरी आलेलं, कुणाचं ते तिला आठवत नाही. पहिल्या प्रकरणानंतरच्या पाचही ओळी पूर्ण. दुसऱ्या प्रकरणानंतर तीन. तिसऱ्यानंतर एक. पुढे सगळं कोरं, आणि मग एकदम शेवटाकडे, 'आज तुम्ही टाळलेली एक गोष्ट लिहा' या ओळीवर दोन शब्द, 'हे पुस्तक'.

मी छापील मजकूर सोडून तेवढंच वाचलं, दोनदा. पहिल्या पाचात लिहिलं होतं :

१. आई आजारी पडेल.
२. मी फोन उचलला नाही म्हणून आजारी पडेल.
३. ऑफिसात सगळ्यांना कळलंय की मला काम येत नाही.
४. हे कुणीतरी वाचेल.
५. पेन्सिल शोधायला आले, गॅसवर दूध आहे.

वाचताना एकदाही 'हे तर मीच' वाटलं नाही. माझी आई ठणठणीत आहे, आणि दूध उतू जायची भीती मला वाटत नाही, ते जातंच. पण मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते. मग उठून पेन्सिल शोधली, ती सापडेपर्यंत बराच वेळ गेला, आणि चौथ्या ओळीपुढे समासात लिहिलं, 'वाचलं. अक्षर छान आहे.'

ते समासात आहे, त्यामुळे माझा आकडा अजून शून्यच.