मुलाचं शूटिंग, आईची फाइल

माझ्या मुलाने काम केलेल्या मराठी चित्रपटाचा ट्रेलर आला तेव्हापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात: ओळख कोणाची होती आणि पैसे किती मिळाले. ओळख कोणाचीच नव्हती. पैशांचा आकडा मी सांगत नाही. मधल्या कटकटीबद्दल मात्र कोणी विचारत नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवते. ज्यांच्या घरी नाटकात रमणारं पोर आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मी एका सहकारी बँकेत कामाला, नवरा शिक्षक. घरात नाटक आधीपासूनच. सासऱ्यांनी देवळाच्या उत्सवात वर्षानुवर्षं ऐतिहासिक नाटकं केली, अजूनही दाढी-मिशा लावायची वेळ आली की त्यांचा खोकला थांबतो. त्यामुळे आमचा बाबू पहिलीत असतानाच मांडवात उभा राहिला याचं कोणाला नवल वाटलं नाही. गोव्यात हे घरोघरी आहे. देवळातल्या काल्याच्या उत्सवात रात्री ज्याला दोन वाक्यं पाठ करता येतात त्याला स्टेजवर ढकलतात.

नाटकाच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला की मराठी चित्रपटासाठी नऊ ते अकरा वर्षांचा मुलगा हवाय, मराठी स्वच्छ हवं, कोकणी कळत असल्यास उत्तम, राहणारा गोव्यातलाच असावा. ही शेवटची अट मातीच्या प्रेमातून आलेली नसते. स्थानिक मूल घेतलं की मूल आणि पालक दोघांचंही विमान आणि हॉटेल वाचतं.

आधी मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवायचा होता. मोबाइल आडवा धरायचा, मागे कोरी भिंत, उजेड समोरून. नाव, वय, उंची, शाळा सांगायची, मग डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, दोन्ही हात दाखवायचे. नंतर त्यांनी पाठवलेला छोटा प्रसंग. समोरच्या पात्राची वाक्यं मी कॅमेऱ्यामागून म्हणायची, तीही सपाट आवाजात. सासऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. ते दारातून सुरात म्हणून दाखवत होते. शेवटी त्यांना भाजी आणायला पाठवून आम्ही व्हिडिओ केला.

पणजीत प्रत्यक्ष ऑडिशन झाली. कास्टिंगवाला मुलगा पंचविशीतला असेल, पण मुलांशी बोलायची हातोटी होती. बाबूने पहिलं वाक्य म्हटलं आणि शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. आमच्याकडची शिकवणच तशी आहे: मांडवातल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला ऐकू गेलं पाहिजे. तो मुलगा हसला नाही की "हळू बोल" असंही म्हणाला नाही. म्हणाला, "खोलीत कोणीतरी झोपलंय. त्याला न उठवता मला सांग." बाबूचा आवाज एकदम खाली आला आणि चेहराही बदलला. मग त्याने विनापाठांतर एक प्रसंग दिला. तुझं मांजर हरवलंय, आजीला ते कळू द्यायचं नाही, आणि आजी विचारतेय दुधाची वाटी भरलेली कशी राहिली. बाबू बराच वेळ काहीच बोलला नाही. फक्त वाटी उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं केलं. मला वाटलं, विसरला. कास्टिंगवाल्याने मात्र तिथेच कॅमेरा बंद केला.

लूक टेस्ट झाली, केस वाढवायला सांगितले, आणि फोन आला की नक्की. इथून माझी फाइल सुरू झाली.

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं आपल्याकडे गुन्हा आहे. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि सगळ्याच कामांवर बंदी आली. त्यात घरच्या उद्योगातली मदत आणि कलाकार म्हणून काम, असे दोन अपवाद ठेवले. जाहिरात, चित्रपट, मालिका चालतात, सर्कस चालत नाही. या अपवादाच्या अटी २०१७च्या नियमांमध्ये आहेत आणि त्या मी छापून काढून सोबत ठेवल्या. मूल दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करणार नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही. शिक्षणाची सोय निर्मात्याने करायची. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या मनाविरुद्ध काहीही करून घ्यायचं नाही. आणि ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची. त्यासाठी जे हमीपत्र द्यायचं ते सहा महिनेच चालतं.

निर्मात्याने, असं मी मुद्दाम लिहिलंय. ही पालकांनी मारायची खेप नाही. पण मागायची मात्र पालकांनी. मी प्रॉडक्शन मॅनेजरला परवानगीची प्रत मागितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, परमिशन आहे आपल्याकडे, ईएसजीची." त्याचंही खोटं नव्हतं. गोवा मनोरंजन संस्था, म्हणजे इफ्फी हा चित्रपट महोत्सव भरवणारी आपली ईएसजी, गोव्यात चित्रीकरणाच्या परवानग्या एका खिडकीतून देते. पण ती जागेची परवानगी. रस्ता अडवायचा, जेट्टीवर कॅमेरा लावायचा, त्याची. मुलाची परवानगी वेगळी, जिल्हाधिकाऱ्यांकडची. त्यातून आमचं बरंचसं शूटिंग दिवाडी बेटावर आणि पणजीत, म्हणजे उत्तर गोव्यात, आणि एका जुन्या घरातले प्रसंग चांदरला, म्हणजे दक्षिण गोव्यात. दक्षिण गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, मडगावलाही अर्ज गेला पाहिजे हे मी सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही वकील आहात का?" मी म्हटलं, "नाही, बँकेत कर्जाचे कागद तपासते." त्यानंतर आमचं छान जमलं, हे खरंच सांगते. दोन्हीकडचे कागद पहिल्या कॉल टाइमच्या, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या, आधी माझ्या हातात होते.

घरात सासूबाईंचा विरोध होता तो वेगळ्याच कारणाने. २०२१च्या एप्रिलात महाराष्ट्रात शूटिंग थांबली तेव्हा मालिकावाल्यांची युनिट्स गोव्यात उतरली, इथे कोविड वाढत होता, ओरड झाली आणि मे महिन्यात परवानग्या रद्द झाल्या. सासूबाईंच्या लेखी शूटिंग म्हणजे ती सगळी भानगड. त्यांना एक दिवस सेटवर घेऊन गेले. स्पॉटदादाने छत्री धरून खुर्ची दिली, दर तासाला चहा आणून दिला. विरोध मावळला.

कराराचं थोडक्यात. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाची सही कायद्यात चालत नाही, पालक सही करतात. मी तीन गोष्टी लिहून घेतल्या: पालक सेटवर कायम नजरेच्या टप्प्यात राहणार, कामाचे तास नियमाप्रमाणे, आणि डबिंगचे पैसे वेगळे की यातच, ते स्पष्ट. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

सेट म्हणजे मुख्यतः थांबणं. लायटिंग चाललंय, कोंबडा आरवतोय म्हणून साउंडवाला थांबलाय, फेरीबोट आली म्हणून सगळेच थांबलेत. वाद झाला तो यावरूनच. पाच तास म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे पाच तास, असं एका असिस्टंट डायरेक्टरचं म्हणणं. माझं म्हणणं, मेकअप लावून, पोशाख घालून, "कुठे जाऊ नकोस, कपडे मळतील" म्हणून खुर्चीत बसवलेलं दहा वर्षांचं पोर कामावरच आहे. मोठ्या माणसाला व्हॅनिटीत झोप काढता येते. मुलाला तसं बसवून ठेवणं हेच सगळ्यात कष्टाचं. शेवटी दिग्दर्शिकाबाईंनी तोडगा काढला. बाबूचे शॉट एकत्र करून सकाळी घ्यायचे आणि पोशाख शेवटच्या क्षणी चढवायचा. मधल्या वेळात तो आपल्या चड्डी-बनियनमध्ये युनिटच्या ड्रायव्हरांबरोबर क्रिकेट खेळायचा.

पटकथेत एक मोठा रात्रीचा प्रसंग होता. मी रात्री थांबायला नकार द्यायची तयारी करून गेले होते, आणि पाहते तर भर सकाळी चांदरच्या त्या घराच्या सगळ्या खिडक्यांना बाहेरून काळं कापड बांधलेलं. आत समया, कंदील, आणि एका कोपऱ्यातून निळसर उजेड. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मध्यरात्र. बाबूने पेज खाल्ली आणि "रात्री"चा शॉट द्यायला गेला.

अभिनयाचं म्हणाल तर त्याला अवघड गेलं ते रडणं नव्हे, तेच ते पुन्हा करणं. नाटकात एकदा म्हटलं की संपलं, चुकलं तर विंगेतून कोणीतरी सांभाळून घेतं. इथे आधी मास्टर, म्हणजे अख्खा प्रसंग लांबून, मग क्लोज, म्हणजे जवळून चेहरा, मग समोरच्याच्या क्लोजसाठी याने कॅमेऱ्याबाहेर उभं राहून वाक्यं द्यायची. आणि प्रत्येक वेळी पेला त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलायचा. कंटिन्युइटी बघणारी ताई वहीत सगळं टिपायची. बाबूला ती भुताटकीच वाटायची. "आई, हिला कसं कळलं मी डाव्या हाताने घेतलं?" मग त्याने स्वतःच युक्ती काढली, उजव्या पायाच्या अंगठ्यावर जोर द्यायचा, म्हणजे उजवा हात आठवतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बरोबरच्या ज्येष्ठ नटांनी हे पाहिलं आणि नंतरच्या शॉटला त्यांचाही अंगठा हलताना मी पाहिला.

आणि मग दाताचं प्रकरण. पहिलं शेड्यूल संपलं, दुसरं पावसाळ्यानंतर. मधल्या काळात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली, आणि करंजी खाताना बाबूचा वरचा सुळा पडला. दुधाचे सुळे याच वयात पडतात, त्यात विशेष काही नाही. पण चित्रपटात त्या दोन शेड्यूलमधल्या प्रसंगांत एका रात्रीचं अंतर. दार उघडून आत येतो तेव्हा दात आहे, आजीसमोर बसतो तेव्हा नाही. मी फोटो काढून पाठवला. पलीकडे बराच वेळ शांतता, मग कंटिन्युइटीवाल्या ताईचा फोन, "ताई, दुसरा हलत नाहीये ना?" पणजीतल्या एका दंतवैद्याने माप घेऊन काढता-घालता येणारा दात करून दिला. तो लावला की बाबूचा "स" शिट्टी वाजल्यासारखा यायचा. मग संवादातले "स" जमेल तितके काढले. पडद्यावर तो आजीला "सकाळी" न म्हणता "उजाडल्यावर" म्हणतो, ते या दातापायी. मला तर ते वाक्य आधीपेक्षा चांगलं वाटतं.

शाळेबद्दल. मुख्याध्यापकांना आधीच लेखी कळवलं होतं. प्रॉडक्शनने नेमलेली शिकवणीची बाई तशी बरी होती, पण गणित तिला फारसं मानवत नव्हतं. ते नवऱ्याने रात्री फोनवरून घेतलं.

पैशांचं मात्र नीट सांगते, कारण इथे भले भले गोंधळतात. मुलाच्या मानधनातले निदान २० टक्के थेट त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, आणि ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. राष्ट्रीयीकृत, म्हणजे माझी स्वतःची बँक बाद. आमच्या मॅनेजरसाहेबांना याचं वाईट वाटलं. मुलाचं पॅन कार्ड काढावं लागलं, अज्ञान मुलाच्या कार्डावर फोटो आणि सही नसते, त्यामुळे ते पाहून बाबू हिरमुसला. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला गेला. मुलाचं इतर उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कलेवर मिळवलेलं धरत नाहीत. त्याचं विवरणपत्र वेगळं भरायचं, पालकाने त्याच्या वतीने. ठेवीवरचं व्याज मात्र आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरलं जातं. आमच्या घरी तो मान माझा.

डबिंगला मुंबईला जावं लागलं. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच टिपलेला आवाज, असूनही काही प्रसंगांत मागे होडीचं इंजिन होतं, ते पुन्हा बोलावे लागले. काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत स्वतःचेच ओठ बघत बोलायचं. तोवर खरा सुळा निम्मा वर आला होता, आणि आता "स" स्पष्ट यायला लागल्याची पंचाईत झाली.

ट्रेलरनंतर फोन सुरू झाले. काही खरे, बरेचसे पोकळ. "रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, मुलाचा पोर्टफोलिओ आम्ही करून देतो" असं कोणी म्हणालं की मी फोन ठेवते. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. एका जाहिरातवाल्यांना "परवानगीची प्रत आधी पाठवा" असा मेसेज केला, त्यांचं उत्तर अजून यायचंय. इन्स्टाग्रामवर त्याच्या नावाने खातं काढलेलं नाही, काढणारही नाही, निदान मिसरूड फुटेपर्यंत. यावर घरात माझ्याविरुद्ध तिघे आहेत.

चित्रपटात मूल असलं की त्याची पिळवणूक, हेळसांड होऊ नये म्हणून सगळी काळजी घेतली असं निवेदन पडद्यावर द्यावं लागतं. प्रदर्शनाच्या दिवशी मी ती ओळ शोधत बसले होते. आली, आणि माझं वाचून व्हायच्या आत गेलीसुद्धा. सासरे पूर्ण वेळ "याचा आवाज का येत नाही मोठा" म्हणत होते. मध्यंतरात त्यांनी बाबूला बाजूला घेऊन यंदाच्या काल्याच्या नाटकातली वाक्यं म्हणायला लावली, मोठ्याने, समोशांच्या रांगेत.

टीडीएसचा परतावा गेल्या महिन्यात त्याच्या खात्यात जमा झाला. त्याला गिअरची सायकल हवीय, नवरा म्हणतो साधी घे. पैसे त्याचे आहेत असं बाबूचं म्हणणं, आणि कागद बघता ते बरोबरच आहे.