उन्हाळ्यात बटेरांची अंडी का घटतात: संध्याकाळच्या अंड्याचा हिशेब

कोंबडी बहुधा सकाळीच अंडं देऊन मोकळी होते. जपानी बटेराची मादी मात्र दुपार उलटल्यावर देते, बहुतेक अंडी तीन ते सहाच्या दरम्यान पडतात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हीच वेळ सर्वांत वाईट असते. बाहेर ४३-४४ अंश आणि टिनाखाली त्याहून उकाडा. म्हणून लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांचं उन्हाळी वेळापत्रक जसंच्या तसं बटेरांना लावू नये.

संध्याकाळी अंडं पडलं की थोड्याच वेळात पुढचा बलक सुटतो. चार-पाच तासांनी तो गर्भाशयात पोचतो आणि रात्रभर, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यावर कवच चढत राहतं. रंग आणि ठिपके अगदी शेवटच्या काही तासांत येतात. त्यामुळे पांढरट, बिनठिपक्यांची अंडी अचानक वाढली, तर आधी दुपारच्या ताणाचा संशय घ्या: अंडं रंग चढण्याआधीच बाहेर पडतंय.

पातळ कवचाचं कारण वेगळं. बटेराला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतं. धापांसोबत कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रक्तातलं बायकार्बोनेट घटतं. कवचातला कार्बोनेट त्यातूनच बनतो. शिवाय खाणंही कमी झालेलं असतं. इथे मोजमाप हवंच. मादी दिवसाला २८ ग्रॅम खात असेल आणि खाद्यात ३ टक्के कॅल्शियम असेल, तर तिला ०.८४ ग्रॅम मिळतं. उन्हात खाणं २० ग्रॅमवर आलं की तेच ०.६० ग्रॅम होतं. खाद्यातच कॅल्शियम वाढवत नेलं, तर चव बिघडून ती आणखी कमी खाते. त्यापेक्षा संध्याकाळी पाच-सहाला शिंपल्यांचा १-२ मिलिमीटरचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात द्या, १०० माद्यांना साधारण ५० ग्रॅम. जाड कण पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्री कवच बनत असताना कॅल्शियम मिळत राहतं. बारीक पीठ तेवढा वेळ टिकत नाही.

अंडी मोजणारे पुष्कळ, रोजचं उरलेलं खाद्य तोलणारे थोडे. माझ्या मते उन्हाळ्यात खाद्याची वही अंड्यांच्या वहीपेक्षा जास्त उपयोगाची, कारण आधी खाणं घटतं, अंडी नंतर.

खाणं वाढवायचं ते गारव्याच्या वेळी. बटेरांना १६ तास उजेड लागतो आणि मे महिन्यात दिवस असतो सुमारे १३ तासांचा. उरलेले तास रात्री न देता पहाटे द्या. पावणेतीनला एलईडी लागला की सव्वातीनपर्यंत माद्या खायला लागतात, आणि पचनाची उष्णता दुपारच्या आत उतरते. टायमर इन्व्हर्टरवर ठेवा. लोडशेडिंगमुळे उजेड कधी १३, कधी १६ तास झाला की अंडी थांबतात आणि दोष उन्हावर जातो. दुपारी खाद्य पूर्ण उचलण्याचा सल्ला बटेरांसाठी मला पटत नाही, पक्षी फार लहान आहे. ट्रेमध्ये पातळ थर राहू द्या, नवीन भर मात्र सकाळी दहानंतर घालू नका. संध्याकाळी थोडं खाद्य पाण्यात ओलवून दिलं तर खाणं चांगलं सुधारतं. दोन तासांत उरलेलं काढून टाका, नाहीतर आंबतं.

खाद्याची प्रथिनं २० टक्क्यांच्या वर नेऊ नका. जादा प्रथिनं पचवताना उष्णताच वाढते. सोयाबीन ढेप वाढवण्याऐवजी प्रथिनांतले आवश्यक घटक (अमिनो आम्लं) पुरेसे आहेत का, म्हणजे लायसिन १ टक्का आणि मेथिओनिन ०.४५ टक्के भरतंय का ते पाहा. थोडा मका काढून २ टक्के सोयाबीन तेल घाला, तेलाच्या पचनात उष्णता कमी होते. मात्र आठवड्यापुरतंच मिसळा, उन्हात तेल खवट होतं. किलोमागे ३ ग्रॅम खायचा सोडा घातला तर मीठ थोडं कमी करा, कारण दोन्हींत सोडियम आहे. क जीवनसत्त्व किलोमागे २०० ते २५० मिलिग्रॅम पुरतं. पाण्यातून द्यायचं तर पहाटेच्या ताज्या पाण्यात. तापलेल्या पाण्यात ते टिकत नाही.

पाण्याच्या बाबतीत चूक बहुधा पाइपात असते. टाकी झाकलेली असते, पण छतावरून येणारा काळा पाइप तापतो आणि निपलमधून (पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या तोटीतून) कोमट पाणी येतं. पक्षी ते टाळतो. पाइपावर ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारी बारा आणि तीनला पाइपातलं तापलेलं पाणी सोडून द्या.

टिनावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा जाड थर टाकून सकाळपासून पाणी मारा. टिन तापल्यावर सुरुवात करण्यात फारसा अर्थ नाही. फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र, विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत छान चालतो. कोकणात किंवा जूनच्या पहिल्या सरीनंतर तोच फॉगर घातक ठरतो, कारण दमट हवेत धापांनी उष्णता बाहेर पडत नाही. तिथे फक्त पंखे, तेही पिंजऱ्याच्या उंचीवर. पिंजऱ्यात एका मादीला हिवाळ्यात २०० चौरस सेंटिमीटर देत असाल, तर आता २५० द्या. खायची अंडीच विकायची असतील तर नर ठेवायची गरज नाही. तिसऱ्या आठवड्यात छातीवरून ओळखू येतात, नराची छाती तांबूस, मादीची करडी आणि काळ्या ठिपक्यांची. नर काढले की जागा आपोआप मोकळी होते.

पक्षी पकडणं, हलवणं, औषध पाजणं सकाळी आठच्या आत उरका. संध्याकाळची अंडी मात्र साडेसहालाच उचला आणि थंड जागी ठेवा. सकाळपर्यंत पिंजऱ्याखाली राहिली तर टिकाऊपणा घटतो. पुढच्या उन्हाळ्यासाठी पिल्लं नोव्हेंबरअखेर काढा. सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर माद्या अंड्यावर येतात आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत वाढत्या उन्हाला सरावतात.